डोंगरातल्या शेतीसाठी तीन वर्षांचा निधी: कुठे घालावा, कुठे घालू नये

प्रश्न: अकोले-इगतपुरी पट्ट्यातल्या दहा-बारा आदिवासी वाड्यांसाठी आमच्या छोट्या संस्थेला एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या खर्चातून) तीन वर्षांचा निधी मिळतोय. प्रस्तावात प्रशिक्षण वर्ग, सेंद्रिय शेती, नाचणी-वरई आणि फळबाग असं सगळं आहे. निधी संपल्यावरही टिकेल असं यातलं काय? प्रशिक्षणाची आखणी कशी करावी?

उत्तर:

आधी प्रस्तावातला प्रशिक्षण वर्गांचा आकडा निम्म्यावर आणा. देणगीदाराला दाखवायला वर्ग सोपे असतात. सतरंजी, फलक, हजेरीपट, फोटो, झालं काम. पण डोंगरातल्या शेतकऱ्याचं घोडं माहितीपाशी क्वचितच अडतं. आषाढात हात कमी पडतात, फाल्गुनापासून पाणी कमी पडतं आणि पीक घरात आल्यावर ते कांडायला-भरडायला जवळपास यंत्र नसतं. या तीन ओझ्यांपैकी एकही ज्याने हलकं होत नाही, ते काम निधीबरोबर संपतं. पुढचं सगळं मी याच कसोटीवर लिहितोय.

या भागात एका घराची जमीन साधारण दोन तऱ्हेची असते. ओहोळाकाठची, बांध घातलेली भाताची खाचरं आणि वर उतारावरची वरकस. वरकसवर पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी (कारळा) आणि मग काही वर्षं पडीक, असा फेर पूर्वापार चालत आला. घरं वाढली, वाटण्या झाल्या, जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, तसा पडीक ठेवायचा काळ आखडला आणि उतारावरची माती पातळ होत गेली. पाऊस मात्र पूर्वीसारखाच कोसळतो. खाचर, वरकस आणि घर या तिन्ही जागांची दुखणी वेगळी आहेत, त्यामुळे ‘शेतकरी प्रशिक्षण’ असा एकच रकाना करून भागत नाही.

खाचरापासून सुरू करतो. राब भाजू नका, म्हणजे रोपं करायच्या जागेवर फांद्या-पाचोळा-शेण पसरून जाळू नका, हे कृषी खातं कित्येक दशकं सांगतंय आणि लोक भाजतायतच. त्याला कारणं आहेत. राब भाजला की तणाचं बी जळतं, वरची माती भुसभुशीत होते, रोप उपटताना मुळं तुटत नाहीत आणि राखेचं खत मिळतं ते वेगळंच. एवढं सगळं सोडा म्हणायचं आणि बदल्यात हातात काही ठेवायचं नाही, तर कोण ऐकेल? पण त्याची किंमत बघा. माघ-फाल्गुनापासून बायका ऐन-किंजळाच्या तोडलेल्या फांद्या, पाचोळा आणि शेण डोक्यावर वाहून आणत असतात, आणि गावाभोवतीची झाडं दरवर्षी थोटी होत जातात.

याला पर्याय आहे तो डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीतला. गादीवाफा करून चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मातीत मिसळायची. राखेतल्या सिलिकामुळे रोप कणखर होतं आणि उपटायलाही सोपं जातं. दुसरं सूत्र गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) पाल्याचं. बांधावर झाडं लावायची आणि लावणीआधी आठेक दिवस पाला चिखलात घालायचा. तिसरं सूत्र दोरीवरच्या लावणीचं. १५ आणि २५ सेंटिमीटर असं आलटून पालटून अंतर ठेवायचं, एका चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीनच रोपं. चौथं युरिया-डीएपीच्या ब्रिकेटचं, म्हणजे २.७ ग्रॅमची एक गोळी चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. हिशेब केला तर एकराला २५ हजारांच्या आसपास गोळ्या लागतात, वजनाने जेमतेम ६८ किलो खत.

डोंगरात या शेवटच्या सूत्राला सपाटीपेक्षा जास्त अर्थ आहे. इथे वरच्या खाचराचं पाणी खालच्यात, खालच्याचं आणखी खालच्यात आणि शेवटी ओहोळाला जातं. फोकून टाकलेला युरिया एका जोरदार सरीत शेजाऱ्याच्या भाताला, नाहीतर थेट धरणाला मिळतो. पुरलेली गोळी जागची हलत नाही.

तरीही चारही सूत्रं एकदम गळ्यात मारू नका. गोळ्या खोचायला माणसं लागतात आणि तीही नेमकी आषाढात. शिवाय जुलैमध्ये तालुक्याच्या दुकानात ब्रिकेट मिळेलच असं नाही, आणि आधीच आणून ठेवलं तर दमट हवेत गोळे होऊन बसतात. पहिल्या पावसाळ्यात राखेचा गादीवाफा आणि कमी रोपांची लावणी एवढंच घ्या. राब भाजायचा वाचला, बियाणं कमी लागलं, हे घरातल्या बाईला पहिल्याच वर्षी दिसतं. ब्रिकेटचं पुढच्या वर्षी बघू. एखाद्या बचत गटाने यंत्र घेऊन गोळ्या पाडायची तयारी दाखवली तर त्यावर खर्च करणं मला पटेल.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राईस तंत्र तुम्ही ऐकलंच असेल. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. एकदा पाडलेल्या गादीवाफ्यांवर साच्याने छिद्रं पाडून बी टोकायचं आणि तेच वाफे वर्षानुवर्षं ठेवायचे. हात कमी पडतात या दुखण्यावर याहून थेट औषध मला माहीत नाही. पण भाताच्या खाचरासाठीच ते घ्या, दगडगोट्यांच्या तिरक्या वरकसवर वाफे पाडत बसू नका. आणि त्यातल्या तणनाशकाबद्दल लोकांशी आधी उघड बोला. ज्या खाचराखाली पिण्याच्या पाण्याचा झरा आहे, तिथे मी स्वतः तणनाशक वापरू देत नाही, मग बेणणीला (तण काढायला) चार माणसं जास्त लागली तरी चालेल.

आता प्रशिक्षणाच्या वेळेबद्दल. बहुतेक संस्थांचे वर्ग जानेवारी-फेब्रुवारीत होतात, कारण मार्चअखेर पैसे संपवायचे असतात. त्या दिवसांत तुमच्या वाड्यांतली निम्मी कर्ती माणसं नारायणगावच्या मजूर बाजारात, नाशिककडच्या द्राक्षबागांत नाहीतर भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर असतात. वर्गाला येतात ती म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. माणसं परत येतात रोहिणी लागायच्या सुमारास. म्हणून वर्ग नक्षत्रांवर लावा. रोहिणीत वाफा आणि बीजप्रक्रिया, लावणीच्या आदल्या दिवशी दोरी आणि अंतर, पोटरीत असताना कीड-रोगाची एक फेरी आणि काढणीला बियाण्याची कणसं निवडणं. प्रत्येक वेळी दोन तास, एखाद्याच्या बांधावर, त्याच दिवशी करायच्या कामाबद्दल. दुपारचं जेवण नको, प्रमाणपत्र तर नकोच. याच सह्याद्रीच्या पलीकडे डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवल्या, कारण पोरं शाळेत येणार नव्हती. मोठ्या माणसांना ही सवलत द्यायची आपल्याला अजून सुचत नाही. बोलावताना ‘शेतकरी’ म्हणून पुरुषाचं नाव लिहिण्याची सवयही सोडा. लावणी, बेणणी, बियाणं आणि वरई कांडणं हे सगळं बायकांचं काम आहे, आणि ते शिकायला नवरा जातो.

फळबाग हा तुमच्या प्रस्तावातला सगळ्यात वजनदार भाग, आणि सगळ्यात जास्त पैसा वायाही तिथेच जातो. म्हणून यावर सविस्तर लिहितो.

अशा फळबागेच्या कामाला ‘वाडी’ म्हणतात, इथे वाडी म्हणजे वस्ती नव्हे. ही कल्पना जुनी आणि पारखलेली आहे. मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचनला उभ्या केलेल्या बायफ संस्थेने १९८२ साली गुजरातच्या वांसदा भागात ती सुरू केली. एका कुटुंबाला एक एकर उतारावर आंबा-काजूची कलमं, कडेने जंगली झाडांचं कुंपण, मधल्या जागेत नेहमीची पिकं आणि बांधबंदिस्ती. पुढे जव्हार-मोखाड्यात ती रुजली आणि २००३-०४ पासून नाबार्डने (शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने) आदिवासी विकास निधीतून देशभर नेली. नाबार्डच्या वाडी प्रकल्पांची मुदत सहसा पाच ते सात वर्षांची असते, ती उगाच नव्हे. काजू तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरायला लागतो, आंबा पाचव्या. सीएसआरच्या नियमांत मात्र चालू प्रकल्प सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून फार तर तीन वर्षं. म्हणजे पहिला आंबा दिसायच्या आत तुमचा माणूस गावातून गेलेला असतो. बागा सुकतात त्या कलमं वाईट म्हणून क्वचितच. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी घालायला कोणी नव्हतं, हे कारण दहात आठ वेळा निघतं.

पाण्याचा हिशेब मांडू. दहा बाय दहा मीटरवर एकरात ४० आंब्याची कलमं बसतात. एका कलमाला आठवड्याला दहा लिटर म्हणजे कसंबसं जगण्यापुरतं पाणी. ४० झाडांचे झाले ४०० लिटर, १५ लिटरच्या हंड्याने २७ हंडे. झरा खाली, बाग वर. हे २७ हंडे घरची बाई दर आठवड्याला चढवणार असं गृहीत धरूनच बहुतेक प्रकल्प लिहिलेले असतात, फक्त तसं कुठे लिहीत नाहीत. आणि हे घर जगायला बाहेर गेलेलं असेल, तर २७ हंड्यांचा प्रश्नच उरत नाही, झाडंच उरत नाहीत.

तेव्हा पाणी वर साठवा. फेब्रुवारी ते मे १६-१७ आठवडे धरले तर वर्षाला सात हजार लिटरच्या आत काम होतं. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद, एक मीटर खोल कुंड खणलं, आत जाड प्लास्टिक कागद अंथरला, की पावसाने आठ हजार लिटर फुकट भरतं. पण एक गोम आहे. उघड्यावर रोज चार-पाच मिलिमीटर पाणी उडून जातं. ऑक्टोबरअखेरपासून मेअखेरपर्यंत दोनशेवर दिवस होतात, म्हणजे मीटरभर खोलीचं कुंड झाडांना थेंबही न देता जवळजवळ कोरडं पडेल. म्हणून कुंडावर पेंढ्याचं किंवा पाचोळ्याचं छप्पर हवंच. कागदाला पैसे मंजूर होतात, छपराला होत नाहीत, आणि मार्चमध्ये साहेब येऊन विचारतात, पाणी कुठे गेलं? अंदाजपत्रकात छपराची ओळ घाला. प्रत्येक कलमाच्या बुडाशी वात लावलेलं मडकं पुरलं आणि आळ्यात गवताचं आच्छादन टाकलं तर तेवढ्याच पाण्यात झाड जास्त तग धरतं.

कलमं, खड्डे, खत यांवर कंपनीचा पैसा शक्यतो घालूच नका. जॉबकार्ड असलेल्या छोट्या शेतकऱ्याला रोजगार हमीतून फळबाग मिळते. जो त्यात बसत नाही त्याला २०१८ पासूनची भाऊसाहेब फुंडकर योजना आहे. तिचं अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं आणि झाडं जगल्याचं प्रमाण पहिल्या वर्षी ८०, दुसऱ्या वर्षी ९० टक्के दाखवावं लागतं. अट कडक आहे, पण मला ती आवडते. खड्ड्यांचे पैसे सरकारचे, कुंडाचे, छपराचे आणि उन्हाळी राखणीचे तुमचे, अशी वाटणी केली तर तीन वर्षांत जे उभं राहील ते चौथ्या वर्षी मरणार नाही. कुंपणाला तार नको. साबर, करवंद, निरगुडी आणि मधे गिरिपुष्प, म्हणजे पालाही मिळतो.

झाडं मोठी होईपर्यंत हातात रोकड यायला हवी, नाहीतर माणसं जाणारच. जव्हार-विक्रमगडकडे मोगऱ्याने हे काम केलं. कळ्या पहाटे खुडायच्या आणि दादरच्या फूलबाजारात पाठवायच्या. तुमच्या वाड्यांतून रोज सकाळी गाडी सुटत नसेल तर मोगऱ्याच्या मागे लागू नका. तिथे परसातला भाजीपाला, गावठी कोंबड्या, शेळ्या. शेळी म्हटलं की फळबागवाले दचकतात, पण कुंपण नीट असेल तर दोन्ही एका घरात नांदतात.

आता वरकसची पिकं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं. राज्याच्या त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात श्रीअन्न अभियानाला २०० कोटी जाहीर झाले आणि उत्कृष्टता केंद्र सोलापूरला सांगितलं गेलं. सोलापूर ज्वारीचं. तिथलं काळ्या रानातलं यंत्र-तंत्र नाचणी-वरईच्या उतारावर जसंच्या तसं चढत नाही. नाचणीचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ४,८८६ रुपये जाहीर झाला, वाचायला छान वाटतो. पण एका घराची नाचणी दोन-तीन पोती, आणि तेवढी घेऊन खरेदी केंद्रावर कोण जाईल? ती गावातल्या दुकानात मीठ-मिरचीच्या हिशेबात जाते.

लागवडीचं शिकवण्यासारखं थोडंच आहे. फोकण्याऐवजी रोपं करून ओळीत लावा आणि करप्याला दाद न देणारं वाण घ्या. खरी गाठ काढणीनंतर बसते. नाचणी मळली-पाखडली की दळता तरी येते. वरईचं टरफल घट्ट असतं, उखळात मुसळाने कांडता कांडता खांदे भरून येतात. म्हणून वरईचा पेरा घटला, चवीमुळे नव्हे. आणि गंमत बघा. नाशिक हे भगर गिरण्यांचं मोठं केंद्र, एकादशीची भगर तिथून राज्यभर जाते, आणि तासा-दोन तासांवरच्या डोंगरातली बाई सालासकट वरई व्यापाऱ्याला घालून उपासाला पाकीटबंद भगर विकत आणते.

इथे तुमच्या पैशाला खरी जागा आहे. एक मळणी यंत्र, एक खडे काढायचं, एक वरईचं साल काढायचं. मात्र खरेदीआधी वाडीतल्या खांबावरची वीज बघा. बऱ्याच वाड्यांत सिंगल फेजच असते, तीही पावसाळ्यात चार-चार दिवस गायब. थ्री फेजचं मोठं यंत्र देणगीदाराच्या उद्घाटनापुरतं जनरेटरवर चालतं आणि मग त्यावर कोंबड्या बसतात. एक-दोन अश्वशक्तीचं, सिंगल फेजवर चालणारं, पट्टा तुटला तर गावातल्या पोराला बदलता येईल असं यंत्र घ्या. तीन-चार वाड्यांत मिळून एक पुरे. किल्ली बायकांच्या गटाकडे, कांडपाचा दर गटाने ठरवायचा आणि फुकट कोणालाच नाही, सरपंचालाही नाही.

बियाण्यासाठी तुम्हाला लांब जायला नको. अकोल्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी वाणांच्या जतनासाठी २०२० चा पद्मश्री मिळाला. त्यांच्या परिसरात वाल-घेवड्यांपासून काळभात, रायभोगपर्यंत बियाणं हाताने निवडून ठेवलेलं आहे. तुमच्या वाड्यांतल्या दहा बायकांना तिथे एक दिवस नेऊन आणा. माझ्या मते तुमच्या सगळ्या वर्गांपेक्षा ही एक फेरी जास्त शिकवेल. घरी आल्यावर बियाणे बँक सुरू केली तर नियम एकच ठेवा: किलो न्या, दोन किलो परत करा. सुवासिक गावठी भाताला शहरात चांगला भाव मिळतो हे खरं, पण एकरी उत्पन्न कमी असतं. घरच्या खाण्याचं सगळं खाचर त्याच्याखाली घालायला सांगू नका.

सेंद्रिय शेतीबद्दल थोडक्यात. वरकसवर मुळात कोणी रासायनिक खत फारसं टाकत नाही, त्यामुळे तिथे सेंद्रिय शेतीचा वर्ग म्हणजे वारकऱ्याला माळ घालायला शिकवणं. प्रमाणपत्र हवं असेल तर पीजीएसचा, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासायच्या पद्धतीचा, गट करा, पण गिऱ्हाईक आधी पक्कं करा.

जमीन सपाट करण्याची मागणी तुमच्याकडे नक्की येईल. पलीकडे आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात याला पडकई म्हणतात. उतारावर दगडी ताल रचून, माती धरून, सावडीने (एकमेकांकडे आळीपाळीने राबून) नवं खाचर काढायचं. हाताने, थोडं थोडं, उताराचा कल आणि पाण्याची वाट बघत. यंत्र आलं तेव्हा हे बघणं सुटलं. ३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं दगावली. त्यानंतर यंत्राने उतार फोडण्याकडे बोट दाखवलं गेलं. त्या दरडीमागे एकच कारण नव्हतं, अतिवृष्टी होती, उताराची घडण होती. पण मी घरांच्या वरच्या अंगाला जेसीबी लावायला कधीही होकार देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका. ताल दुरुस्तीला मजुरी द्या. काम सावकाश होईल, पण मजुरी वाडीतच राहील.

लाभार्थींची यादी करताना सातबारा मागितलात तर सगळ्यात गरजू घरं आपोआप गळतील. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेले पट्टे नवरा-बायको दोघांच्या नावावर असतात, वारसाने पुढे जातात, पण विकता येत नाहीत. त्यामुळे बँका कर्जाला नाखूश असतात. तुमच्या नियमात ‘सातबारा किंवा वनपट्टा’ असं स्पष्ट लिहा. दावे रखडलेले असतील तर ग्रामसभेचे ठराव आणि मोजणीचे कागद पुरे करायला एक माणूस द्या. ज्या जमिनीवरून उद्या उठवतील अशी धास्ती आहे, तिथे कोणी आंबा लावत नाही.

शेवटचा मुद्दा पैशाचा. सीएसआरचा निधी कायम ठेव म्हणून गावाच्या नावे ठेवता येत नाही, २०२१ पासून तो रस्ता बंद आहे. म्हणजे चौथ्या वर्षाची गंगाजळी लोकांनीच पहिल्या वर्षापासून जमवायला हवी. कांडपाचा दर, कुंडाच्या कागदाची दहा टक्के वर्गणी, विकलेल्या बियाण्याचा वाटा, असं जे जमेल ते वाडीच्या गटाच्या खात्यात टाका. खातं यंदाच्या रोहिणीआधी उघडा आणि सह्या दोन बायकांच्या ठेवा, ज्या दिवाळीनंतरही गावात असतात अशा.